परातीतले छर्रे

आमच्या घरी उन्हाळ्यात दोन गोष्टी निवडल्या जायच्या, वर्षाची तूरडाळ आणि माझे छर्रे. दोन्ही निवडायची आईच. डाळीला मोठी पितळी परात आणि छर्ऱ्यांना काठ चेपलेली जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. ही जर्मनची परात नांदेडच्या आमच्या घराच्या मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला स्वयंपाकघरात यायची परवानगी नव्हती. शिसं विषारी असतं हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. जी वस्तू हाताला काळं लावते ती पोटाजवळ आणायची नाही, इतकंच ती जाणत होती, आणि छर्ऱ्यांना हात लावून कुणी थेट जेवायला बसलं तर ताटावरून उठवायची. आज माझ्याकडे नेमबाजी शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हात धुण्यावर भाषण देते, तेव्हा ती माझ्याच तोंडून बोलत असते. पोरं कंटाळतात. मीही कंटाळायचे.

बंदूक माझ्या हातात आली ती अकरावीत, एनसीसीच्या शिबिरात. बाकीच्या मुली चाप ओढताना डोळे गच्च मिटत होत्या आणि मी मिटले नाहीत, एवढंच माझं कर्तृत्व. पण ते सत्तारमामूंनी पाहिलं. मामू फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मेंदीनं लाल केलेली दाढी, कडक इस्त्रीची पँट आणि पायात मात्र रबरी चपला. गावाबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यांनी दहा मीटरची रेंज मांडली होती. रेंज म्हणजे काय, तर समोर वाळूची पोती, त्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर काळ्या गोलाचा कागद. "बेटा, तू डोळे न्हाई मिटली. ऐतवारी ये," म्हणाले. मी रविवारी गेले आणि पुढचा प्रत्येक रविवार गेला तो त्या गोदामातच. मामूंची एअर रायफल नळी मोडून भरायची होती. नळी खाली दाबली की आतली स्प्रिंग करकरायची, मग बोटानं छर्रा बसवायचा आणि नळी परत सरळ करायची. ती सरळ होताना येणारा 'खट्ट' आवाज मला अजून झोपेतून उठवेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांचा विरोध मुलीनं बंदूक धरण्याला नव्हता, तसले विचार त्यांच्या डोक्यात नव्हते. त्यांचा विरोध वेळापत्रकाला होता. "बारावीला नेमबाजीचा पेपर असतो का?" एवढंच विचारायचे आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचे. शेवटी आईनं मध्ये पडून तह घडवला. मे महिन्यात लातूरला विभागीय स्पर्धा होती. तिथून राज्याच्या संघात निवड झाली तर बारावीतही रविवारची परवानगी. नाही झाली तर रायफल मामूंना परत आणि विषय बंद. अण्णा एकदा बोलले की बोलले. वर्गात दिलेली छडी त्यांनी कधी मागे घेतली नव्हती, तर हा शब्द कुठून घेणार.

आता खरी अडचण सांगते. नेम माझा होता, रायफल मामूंची होती, पण छर्रे कुणाचेच धड नव्हते. गावातच वजिराबादेत बंदुकीचं एक दुकान होतं, तिथे पुड्यात छर्रे मिळायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं, "माकडं हाकलायला लागतेत का?" म्हटलं, नाही, निशाणेबाजीला. "मंग न्हेऊ नका ताई," तो म्हणाला, "माकडाला कुटं बी लागला तरी चालतंय." इतका प्रामाणिक दुकानदार मी नंतर पाहिला नाही. छर्रा म्हणजे पुढून सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घागरा. त्या पुड्यातल्या निम्म्यांचे घागरे चेपलेले असत, काहींना शिशाचं शेपूट असे. मामूंनी रायफल पोत्यांमध्ये पक्की बसवून पाच छर्रे मारून दाखवले. रायफल जागची हलली नाही, तरी पाच भोकं पुरीएवढ्या जागेत पसरली. मग त्यांनी ट्रंकेतून फलालीनमध्ये गुंडाळलेला परदेशी छर्ऱ्यांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातले पाच मारले. पाचही भोकं एका बोराखाली झाकली गेली. मी डब्याकडे पाहिलं, मामूंनी डबा परत फलालीनमध्ये गुंडाळला. तसला डबा हैदराबादहून मागवायचा म्हणजे आमच्या घरात सणाचे कपडे रद्द. त्या वर्षी ईदला शीरखुर्मा प्यायला गेले तर मामूंनी कागदाच्या पुडीत मला पाच छर्रे दिले, ईदी म्हणून. मी ते मारले नाहीत. कंपासपेटीत ठेवून नुसते बघायचे.

मग मी छर्रे शोधत सुटले. हैदराबादच्या मावशीला पत्रं लिहिली, तिनं शेवटी बांगड्या पाठवल्या. अण्णा परीक्षेचे सुपरवायझर म्हणून नायगावला जाणार होते, त्यांच्या पिशवीत चिठ्ठी सारली. ते चिठ्ठी वाचून, कपाळाला आठ्या घालून गेले आणि आठ्यांसकट दोन पुडे घेऊन आले. तेही पुरीचेच निघाले. त्याच हिवाळ्यात आम्ही माळेगावच्या जत्रेला गेलो. आईला पाटा घ्यायचा होता आणि माझे तर कुठेही बंदूक दिसली की पाय तिकडेच. फुगे फोडायच्या एका दुकानापाशी उभी राहून मी त्या माणसाला विचारलं, तुमचे छर्रे कुठून आणता, थोडे विकत द्याल का? मी बारा फुगे ओळीनं फोडून दाखवावेत असा माझा बेत होता आणि फुटले होते चार. तो माणूस हसायला लागला. "माझे नका घेऊ ताई. मी गिऱ्हाइकासाठी वाकडेच निवडून ठेवतो. समदे फुगे फुटले तर मी काय खाऊ?"

मी चिडले. आई मात्र पाट्याचं ओझं खाली ठेवून पुढे झाली. "वाकडे कसे वळखता हो?" तिनं असं विचारलं, जणू भाजीवालीला वांग्याचं विचारत होती.

"फळीवरून लोटायचे माय. घागऱ्यामुळं छर्रा सरळ पळतच न्हाई, वळण घेतो. चांगले समदे एकाच वळणानं जातेत. जो येगळा पळला, उड्या मारला, तो गिऱ्हाइकाला."

"आन् चांगले?"

"ते माझ्या पोरासाठी," तो म्हणाला. "त्याला शिकवून राहिलो."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईनं जर्मनची परात मागच्या उंबऱ्यावर उजेडात तिरपी धरली आणि नायगावचा पुडा तीत ओतला. तिच्या हातात परात आली की बाकी सगळं तिला ठाऊकच होतं. डाव्या अंगठ्यानं काठ उचलायची, छर्रे सर्र करून कमानीत उतरायचे, एखादा मध्येच टुणकन उडाला की उजवं बोट त्याच्यावर पडलंच. रेडिओवर कामगारांसाठीची गाणी चालू असायची, चुलीवर कढीचा वास रेंगाळलेला असायचा आणि आई स्वतःशीच बोलत असायची, "ह्यो लंगडा. ह्यो बी लंगडा. ह्यो आपल्या अण्णासारका, सरळ." पुड्यातून जेमतेम चौथा हिस्सा राहायचा. लंगडे मी मामूंना नेऊन द्यायचे, ते वितळवून गोदावरीवर गळ टाकणाऱ्यांना वजनासाठी द्यायचे, म्हणजे वाया काहीच गेलं नाही. पहिल्या निवडलेल्या छर्ऱ्यांचा मामूंनी पोत्यांमधून नेम घेतला तेव्हा पाच भोकं एका जांभळाएवढ्या जागेत आली. बोर नाही, पण पुरीही नाही. मामूंनी कागद उन्हात धरला आणि विचारलं, "कोन निवडला?" म्हटलं, आईनं. "आईला मेरा सलाम बोल," म्हणाले. मी सांगितलं तर आई लाजून आत गेली आणि मामूंसाठी डबाभर धपाटे करून घेऊन आली.

एप्रिलच्या शेवटी आईनं स्पर्धेसाठी शंभर छर्रे वेगळे काढले. तीनदा लोटलेले, एकाला एक जुळे. पेढ्याच्या एका रिकाम्या डब्यात ते भरले आणि डबा कुणी उघडायचा नाही असा हुकूम सोडला. त्याच आठवड्यात घरात डाळीचं काम चालू होतं. लातूरच्या आडतीवरून आलेली तूरडाळ, तिला एरंडेल चोळायचं, गच्चीवर लुगड्यावर पसरायची, संध्याकाळी गोळा करून कोठीत भरायची. घरभर एरंडेलाचा वास. आमच्या लहानपणी महिन्यातून एका रविवारी नाक दाबून एरंडेल पाजलं जायचं, त्यामुळे त्या आठवड्यात मी शक्यतो घराबाहेरच असायचे.

लातूरला निघालो तेव्हा आम्ही तिघं होतो. मामू, मी आणि अण्णा. अण्णा माझ्या कौतुकासाठी येत नव्हते. निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघून विषय बंद करायला येत होते, आणि तसं त्यांनी सांगितलंही. एसटीत रायफलची पिशवी माझ्या मांडीवर, दशम्यांचा डबा अण्णांच्या मांडीवर आणि मामू खिडकीशी घोरत. स्पर्धा एका कॉलेजच्या जिमखान्यात होती. हॉल थंड होता आणि माझे हात त्याहून थंड. कपड्याला नंबर टाचला, जागेवर उभी राहिले, आईचा डबा उघडून पहिला छर्रा नळीत बसवला. बोटाला जरा बुळबुळीत लागला, पण घाम असेल म्हटलं. सरावाचा पहिला नेम घेतला आणि चाप ओढला.

फाट् करून असा आवाज झाला की अख्खा हॉल वळून बघायला लागला. एअर रायफलीचा आवाज टाळी वाजवल्याएवढा असतो, हा दिवाळीतल्या फटाक्याएवढा होता. नळीतून निळा धूर निघाला. भोक काळ्या गोलात तर नाहीच, पार वर, कागदाच्या काठाशी. दुसरा मारला, तसाच फटाका, भोक उजवीकडे. तिसरा खाली. धुराला काहीतरी ओळखीचा, नाक दाबायला लावणारा वास होता. पंच धावत आले, मामू त्यांच्या आधी आले. त्यांनी डबा उचलून नाकाला लावला आणि माझ्याकडे बघतच राहिले. "बेटा, ये तो एरंडी का तेल है. छर्रे को जुलाब कौन दिया?"

मागे उभ्या अण्णांनी डबा हातात घेतला, हुंगला आणि डोळे मिटले. काय झालं ते आम्हा दोघांना एकदमच कळलं. वजिराबादेतून आणून उरलेल्या पुड्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरलेली आईनं पाहिली होती. शिशाला दमट हवेत तशी धरते. पण आईच्या लेखी पांढरी भुकटी म्हणजे कीड, आणि किडीवर उपाय एकच. डाळ चोळून झाल्यावर तेलाच्या त्याच हातानं तिनं माझे शंभर छर्रेही चोळले होते, उन्हं दाखवली होती आणि डब्यात भरले होते. मामूंनी समजावलं की दाबानं आतलं तेल पेट घेतं, मग छर्रा किती जोरात जाईल त्याचा नेम नाही. मी काही ऐकत नव्हते. माझं सगळं संपलं होतं आणि तेही आईच्या मायेनं, त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं.

पंच भला माणूस. पुढच्या तुकडीत उभं करतो म्हणाले, तासभर आहे. माझं रडणं सुरू व्हायच्या आत अण्णा बाहेर पडले होते. ते परत आले तेव्हा एका हातात चहावाल्याकडची गरम पाण्याची किटली आणि दुसऱ्या हातात वसतिगृहाच्या खानावळीतून मागून आणलेला धुण्याचा सोडा. दशम्या कागदावर काढून ठेवल्या, डब्यात छर्रे ओतले, आणि नळाशेजारच्या पायरीवर माझे कडक अण्णा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावून, उकिडवे बसले. "दबाओ मत मास्तर, शिसं नरम हाय," मामू वरून सांगत होते आणि आयुष्यात कुणाचं न ऐकलेले अण्णा मान हलवत होते. मामू नळीतून चिंधीचे बोळे ओढत राहिले. अण्णांनी खिशातला घडीचा रुमाल तापलेल्या फरशीवर पसरला आणि एकेक छर्रा दोन बोटांत धरून पुसायला लागले. पुसता पुसता थांबले. एक उजेडात धरून बघितला, मग दुसरा, मग तिसरा.

"सगळे सारखे आहेत गं," म्हणाले. "एक फरक नाही. हे तिनं हातानं निवडलेत?"

म्हटलं, "हाव. तीनदा."

अण्णांनी पुढचा छर्रा आणखी हळू पुसला.

मी दोन गुणांनी हुकले. पहिले पाच-सहा नेम नळीतलं उरलेलं तेल जाळण्यातच गेले, नंतरचे चांगले पडले, पण दोन गुण गेले ते गेलेच. मी जिमखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले, ते सांगायला आज काही लाज वाटत नाही. परतताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, अण्णा चहा घेऊन आले आणि कप मामूंच्या हातात देताना त्यांनी विचारलं, "हवालदारसाहेब, धुतल्यानं छर्ऱ्याच्या वजनात फरक पडत असेल का हो?" मामूंनी मिशीतल्या मिशीत हसत माझ्याकडे पाहिलं. मग मला अण्णा म्हणाले, "घरी तेलाचं अवाक्षर काढायचं नाही. कळलं?"

घरी आई दारातच उभी होती. तोंडं बघून तिला निकाल कळला. "छर्रे कसे हुते?" एवढंच विचारलं. "छर्रे उत्तम होते," अण्णा म्हणाले, "वारा फार होता." भूगोलाच्या मास्तरांनी बंद हॉलात वारा सोडला, आणि आईनं नुसतं "बरं" म्हणून पाणी आणलं. पुढच्या रविवारी अण्णा सकाळीच कपडे करून तयार. रायफल परत करायला निघालो असं मला वाटलं, आणि मी गोदामापर्यंत पाय ओढत गेले. तिथे अण्णांनी खिशातून दोन पुड्या काढल्या, एकीत धुतलेले छर्रे, दुसरीत तेलच न लागलेले. "हवालदारसाहेब, पोत्यांमधून दोन्हीचे पाच-पाच मारून बघू," म्हणाले. दुपारी आम्ही कागदावर पट्टी लावून भोकं मोजत होतो. परत करायचं त्या दिवशी राहून गेलं, ते राहिलंच.

त्यानंतर सात वर्षं आई प्रत्येक स्पर्धेच्या आधी छर्रे निवडायची आणि एरंडेल चोळून डब्यात भरायची. आणि सात वर्षं अण्णा शाळेतून रजा टाकून, सोडा, छोटी बादली आणि दोन रुमाल घेऊन माझ्याबरोबर यायचे, कारण घरी धुतले असते तर तिला कळलं असतं. औशाला धुतले, सोलापूरला धुतले, एकदा पुण्याला पावसात हॉटेलच्या पंख्याखाली वाळवले. लातूरनंतरच्या पुढच्याच उन्हाळ्यात माझी राज्याच्या संघात निवड झाली. नाव पुकारलं तेव्हा अण्णांचे हात कोपरापर्यंत ओले होते, टाळ्या नीट वाजेनात. बापाशी माझं जे काही बोलणं झालं ते असं कुठल्या तरी नळाशेजारी बसून झालं. एरवी आमच्या घरात बाप आणि लेक एवढं बोलत नसत.

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली, मामू त्यांच्याही आधी गेले. आता माझी पोरं मोबाइलवर बोट दाबतात आणि परदेशी डबा दारात येतो, तरी गरिबाघरची दोन-तीन असतातच, त्यांच्यासाठी जर्मनची परात अजून खिळ्याला आहे. आई ऐंशीच्या पुढे गेली. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर परत तल्लख झाली आहे. मागच्या महिन्यात ती उंबऱ्यावर बसून छर्रे लोटत होती आणि मी शेजारी बसले होते. इतक्या वर्षांनी माझ्यानं राहवेना. म्हटलं, आई, तुला एक सांगू का, रागावू नकोस, त्या लातूरच्या वेळी छर्ऱ्यांना तेल लागलं होतं, म्हणून मी हुकले.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. परात काही थांबली नाही.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. हॉलात वारा असतोय व्हय? आन् रुमाल कोन धुतला तुझ्या अण्णाचा? काळा ठिक्कर, एरंडेलाचा वास. बाकीचं मागनं मामूनी सांगितलं. मी लई रडले न्हाणीत. माझ्या हातानं तुझं नुकसान झालं म्हनून."

मग विचारलं, "ठाऊक होतं तर पुढं सात वर्षं तेल का लावत राहिलीस?"

आईनं एक लंगडा छर्रा बोटानं अडवला आणि बाजूला सारला. "त्या दिवशी पयल्यांदा तुझे अण्णा तुझ्यासाठी उकिडवे बसले," ती म्हणाली. "तेल लावायचं सोडलं असतं तर धुवायला कशाला आले असते?"